टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेडानं तांबं बसवताना: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या कॉलेजांत एम.एस्सी.चा प्रोजेक्ट प्रकाश-उत्प्रेरकावर (उजेड पडला की रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थावर) करायचा ठरला, की सुरुवात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या पुडीनं होते. मग कुणीतरी सुचवतं, यावर एखादा धातू बसव, काम चांगलं करेल. प्लॅटिनम परवडत नाही, तांबं परवडतं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या आणि आता सगळं इंग्रजीतून वाचावं लागणाऱ्या मुलामुलींना हा प्रयोग पहिल्यांदाच करताना हाताशी काहीतरी असावं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यांत आधी एक गोष्ट पक्की करा. प्लॅटिनमची कृती जशीच्या तशी तांब्याला लावू नका. प्लॅटिनम एकदा बसलं की तिथंच राहतं. तांबं हवेतल्या ऑक्सिजनच्या हाती लागलं की त्याचं ऑक्साइड होतं, आणि भोवतीचं पाणी आम्लधर्मी असेल तर ते विरघळून पुन्हा द्रावणात जातं. म्हणून या कामात दिव्याच्या वॉटपेक्षा आणि तांब्याच्या मिठाच्या शुद्धतेपेक्षाही ऑक्सिजन या घडीला कुठं आहे, याकडे जास्त लक्ष हवं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेमागं हेच कारण आहे.

आत काय घडतं

टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक. त्याच्या अ‍ॅनाटेज या रूपाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायला लागणारी ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाशच त्याला चालतो. रुटाइल या दुसऱ्या रूपाचा गॅप ३.० च्या आसपास. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे धनभारित होल, उरतं. या दोघांना आवरायला कुणी नसेल तर ते पुन्हा एकत्र येतात आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाशानं पाण्याचं विघटन होतं, हे अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ साली दाखवलं. पुडीवर उजेडानंच धातू बसवायची वाट १९७८ मध्ये बर्नहार्ड क्रॉयटलर आणि अ‍ॅलन बार्ड यांनी प्लॅटिनमसाठी घालून दिली. तांब्याच्या बाबतीत तत्त्व तेच आहे. वरच्या पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनची पातळी शून्य व्होल्टच्या थोडी ऋण बाजूला असते. तांब्याच्या द्विभारित आयनापासून धातू होण्याचं प्रमाण विभव अधिक ०.३४ व्होल्ट आहे. त्यामुळं इलेक्ट्रॉन आपणहून तांब्याच्या आयनाकडे जातो आणि त्याचं क्षपण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन तो धातू होतो. जस्ताचं विभव उणे ०.७६, म्हणून जस्त असं बसत नाही.

होलचं काय? त्याला मिथेनॉल द्यायचं. मिथेनॉलचं ऑक्सिडीकरण होतं आणि इलेक्ट्रॉन मोकळे राहतात. शिवाय मिथेनॉलपासून तयार होणारा मूलक (एकटा इलेक्ट्रॉन उरलेला अस्थिर तुकडा) स्वतःच आणखी एक इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला देऊ शकतो, म्हणजे एका फोटॉनमागं दोन इलेक्ट्रॉन मिळायची शक्यता. एकूण हिशेब असा: तांब्याचा एक आयन आणि मिथेनॉलचा एक रेणू यांपासून तांब्याचा एक अणू, फॉर्माल्डिहाइडचा एक रेणू आणि दोन हायड्रोजन आयन. हे दोन हायड्रोजन आयन लक्षात ठेवा, पुढं त्यांचा त्रास आहे.

सामान जमवताना

पुडी पी-२५ या नावानं मिळणारी घेतली तर उत्तम. तिच्यात सुमारे ८० टक्के अ‍ॅनाटेज आणि उरलेलं बहुतेक रुटाइल असतं, पृष्ठफळ ग्रॅमला ५० चौरस मीटरच्या आसपास. जगभरातले प्रयोग हिच्यावर झालेत, त्यामुळं तुलना सोपी जाते. नाहीतर प्रयोगशाळेच्या दर्जाचं अ‍ॅनाटेज चालेल. रंगाच्या दुकानातलं टायटॅनियम मात्र आणू नका. रंगाचा थर उन्हात खराब होऊ नये म्हणून त्या कणांवर अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाचं आवरण मुद्दाम चढवलेलं असतं. जो गुण आपल्याला हवाय, तोच तिथं झाकून टाकलेला असतो.

तांब्याचं मीठ म्हणून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. अथणीकडच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात ते हेच, पण शेतीच्या मोरचुदात लोह आणि इतर अशुद्धी असतात. बाटलीतलं विश्लेषण दर्जाचं घ्या. नायट्रेट टाळा, कारण नायट्रेट आयनही इलेक्ट्रॉन खातो. क्लोराइडही टाळा, त्यानं तांबं एकभारित अवस्थेत अडकून राहू शकतं. पाणी ऊर्ध्वपातित हवं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात क्षार किती असतात हे किटलीचा तळ पाहिला तरी कळतं.

वायू नायट्रोजन किंवा आर्गॉन, दोन्ही चालतात. कॉलेजात सिलिंडर नसेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टिग वेल्डिंगची कामं चालतात, तिथं आर्गॉन लागतोच. त्याच पुरवठादाराकडून कॉलेजच्या नावानं सिलिंडर आणि रेग्युलेटर मिळवता येतो. मला आर्गॉन जास्त आवडतो. हवेपेक्षा जड असल्यानं झाकण क्षणभर उघडलं तरी तो द्रावणावर बसून राहतो.

दिवा ३६५ नॅनोमीटरचा एलईडी असावा. तो नसेल तर दुकानदार नोटा तपासायला वापरतात त्या जांभळट ट्यूबही त्याच पट्ट्यातल्या, फक्त वेळ बराच जास्त लागेल. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातला २५४ नॅनोमीटरचा दिवा वापरू नका. साध्या बोरोसिलिकेट काचेतून तो प्रकाश आत जात नाही, आणि डोळ्यांना व कातडीला मात्र भाजतो. घरातला पांढरा एलईडी इथं निरुपयोगी.

ऊन? मार्च ते मेमध्ये दुपारी चालतं. उन्हात अतिनील भाग तीन-चार टक्केच असतो, पण तेवढा पुरतो. जून लागला की बेळगाव-खानापूर भागात सूर्याच्या भरवशावर प्रयोग मांडू नका. आणि दोन वेगळ्या दिवसांचं ऊन सारखं नसतं, म्हणून अहवालात आकडे द्यायचे असतील तर दिवाच बरा.

हिशेब आधी कागदावर

एक ग्रॅम पुडीवर एक टक्का तांबं, म्हणजे १० मिलिग्रॅम तांबं. मोरचुदाचा रेणुभार २४९.७, तांब्याचा अणुभार ६३.५५, म्हणून ३९.३ मिलिग्रॅम मोरचूद लागेल. एवढं थोडं नेमकं तोलणं कठीण, म्हणून ०.२५ ग्रॅम मोरचूद १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ०.०१ मोलरचं द्रावण करून ठेवा. त्यातलं १५.७ मिलिलिटर घेतलं की एक टक्का झाला. अर्ध्या टक्क्याला ७.९, दोन टक्क्यांना ३१.५.

पहिल्याच वेळी पाच टक्क्यांवर उडी मारू नका. तांबं फार झालं की ते पुडीवरचा प्रकाशच अडवतं, आणि बहुतेक कामांत अर्धा ते दोन टक्के या पट्ट्यातच चांगला परिणाम मिळतो.

किती वेळ उजेड द्यायचा, याचाही अंदाज काढता येतो, आणि तो प्रत्येकानं स्वतः काढावा असं मला मनापासून वाटतं. दहा मिलिग्रॅम तांब्याला ०.३१५ मिलिमोल इलेक्ट्रॉन लागतात. समजा दिव्यातून खरोखर ३ वॉट प्रकाश फ्लास्कपर्यंत पोचतो. ३६५ नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनांची ऊर्जा सुमारे ३२८ किलोज्यूल, म्हणजे सेकंदाला ९ मायक्रोमोल फोटॉन. त्यातले पाच टक्केच कामी आले असं धरलं तरी अकरा-बारा मिनिटांत काम होतं. दुपारच्या उन्हात १०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडावर अतिनील प्रकाश साधारण ०.३५ वॉट येतो. तेवढ्याच तांब्याला तिथं दीड-पावणेदोन तास. तुमच्या फ्लास्कला याच्या कितीतरी पट वेळ लागत असेल, तर दिव्याला दोष देण्याआधी ऑक्सिजन आत येतोय का ते बघा.

प्रत्यक्ष कृती

पुडी तोलताना मास्क लावा. नॅनो आकाराची ही धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नये. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे, फ्यूम हूडमध्येच हाताळा. मिथेनॉल नको असेल तर इथेनॉल किंवा सोडियम फॉर्मेट चालतं. डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा हवाच, कारण ३६५ चा प्रकाश डोळ्याला मंद दिसतो आणि त्यामुळं माणूस बेफिकीर होतो.

२५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये एक ग्रॅम पुडी, सुमारे ७४ मिलिलिटर पाणी, १० मिलिलिटर मिथेनॉल आणि १५.७ मिलिलिटर मोरचुदाचं द्रावण घाला. अल्ट्रासोनिक बाथ असेल तर पाचेक मिनिटं ठेवा, नाहीतर चुंबकी स्टिररवर जोरात फिरवा. पीएच ४ ते ५ च्या मध्ये आणा. खूप खाली असेल तर पुडीचा पृष्ठभाग धनभारित असल्यामुळं तांब्याचे आयन जवळ येत नाहीत. साडेपाचच्या वर नेला तर या प्रमाणात तांब्याचं हायड्रॉक्साइड गाळ होऊन पडतं आणि मग उजेडानं काय बसलं आणि आपोआप काय पडलं, हे वेगळं सांगताच येत नाही.

रबरी बूच बसवा, त्यातून दोन सुया घाला. लांब सुई द्रवात बुडणारी, तिच्यातून आर्गॉन. आखूड सुई वर, वायू बाहेर जायला. फ्लास्क काळ्या कापडात गुंडाळून ढवळत अर्धा तास आर्गॉन सोडा. बुडबुडे हळू येऊ द्या, फार जोरात सोडला तर मिथेनॉलच उडून जातं. या अर्ध्या तासात दोन कामं होतात: विरघळलेला ऑक्सिजन निघतो आणि तांब्याचे आयन पुडीवर चिकटतात.

मग कापड काढा, दिवा लावा. फ्लास्क पाण्याच्या टबमध्ये ठेवला तर तापत नाही. लांब सुई द्रवाच्या वर ओढून घ्या, वायू मंद चालू ठेवा. आखूड सुई कधीही बंद करू नका, कारण तांबं बसल्यावर हायड्रोजनही थोडा तयार होऊ लागतो आणि बंद फ्लास्कमध्ये दाब वाढतो. त्याच कारणानं जवळपास ठिणगी नको.

मधेच वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. आर्गॉन चालू आहे तोवर तांबं जिथं आहे तिथं राहतं. वीज आल्यावर पुढं चालू करा. वीज गेली म्हणून बूच काढून आत डोकावू नका, एवढंच.

रंगावर नजर

या प्रयोगाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की तो डोळ्यांना दिसतो. सुरुवातीला पांढरं, किंचित निळसर दूध. दिवा लागल्यावर काही मिनिटांत त्याला जांभळट छटा येते, मग करडा-जांभळा रंग गडद होत जातो. तांब्याचे धातुरूप नॅनोकण ५६० ते ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतात, म्हणून हा रंग.

पण एक फसगत होते. मिथेनॉल आहे, ऑक्सिजन नाही आणि अतिनील प्रकाश आहे, अशा वेळी तांबं न घालताही टायटॅनियम डायऑक्साइड निळं पडतं, कारण त्यातलं काही टायटॅनियम त्रिभारित होतं. म्हणून मोरचूद न घातलेला एक फ्लास्क त्याच दिव्याखाली शेजारी ठेवा. त्याचा निळा आणि तुमचा जांभळा एकदा शेजारी पाहिला की पुन्हा गोंधळ होत नाही. आणखी एक फ्लास्क मोरचूद घालून पण अंधारात ठेवा. हे दोन्ही नसतील, तर उजेडानंच तांबं बसलं हे म्हणायला आधार राहत नाही.

काम झालं का, हे पाहायला सिरिंजनं पाचेक मिलिलिटर काढा, सिरिंज फिल्टरमधून गाळा, गढूळ आलं तर सेंट्रिफ्यूज करा, आणि लगेच थोडं अमोनिया घाला. तांबं उरलं असेल तर गडद निळा रंग. परीक्षानळी पांढऱ्या कागदावर धरून वरून खाली बघा, बाजूनं पाहिलं तर फिका निळा चुकतो. सुरुवातीच्या द्रावणाची नळी शेजारी ठेवा. लिटरला दहा मिलिग्रॅमच्या खालचं तांबं असं डोळ्यांना दिसायचं नाही. खरा आकडा अणुशोषण वर्णपटमापकावर ३२४.८ नॅनोमीटरला घ्या.

फ्लास्क उघडण्याआधी थांबा

बहुतेकांचा प्रयोग इथं हातचा जातो. वर सांगितलेले दोन हायड्रोजन आयन आठवा. १० मिलिग्रॅम तांबं बसलं म्हणजे ०.३१५ मिलिमोल आम्ल तयार झालं. १०० मिलिलिटरमध्ये ते पीएच तीनपर्यंत किंवा त्याच्याही खाली ओढू शकतं. आता बूच काढलं की हवा आत येते, आणि ऑक्सिजन व आम्ल मिळून तांबं विरघळवायला लागतात. जांभळा रंग डोळ्यांदेखत फिका होतो, आणि सेंट्रिफ्यूजनंतर वरचं पाणी पुन्हा निळं निघतं. घरातला चिंचेनं घासलेला तांब्याचा हंडा चार दिवसांत काळवंडतो. इथले कण काही नॅनोमीटरचे, म्हणून मिनिटं पुरतात.

उपाय साधा आहे. अमोनियाच्या चाचणीत तांबं उरलेलं नाही हे पाहून घ्या. मग आर्गॉन सोडून ऑक्सिजन काढलेलं ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड बुचातूनच सिरिंजनं सुमारे तीन मिलिलिटर घाला आणि पीएच ७ च्या जवळ आणा. चाचणी आधी का? तांबं उरलेलं असताना अल्कली घातली तर ते हायड्रॉक्साइड होऊन पुडीवरच बसेल. त्यानंतर आर्गॉन सोडलेल्या पाण्यानं दोन-तीन वेळा धुवा, सेंट्रिफ्यूजच्या नळ्या आर्गॉननं भरून घट्ट बंद करा.

आता ठरवायचं की हे कशाला हवं आहे. मिथेनॉल किंवा ग्लिसरॉलच्या पाण्यातून हायड्रोजन काढायचा असेल, तर पुडी बाहेर काढूच नका. त्याच फ्लास्कमध्ये तांबं बसवा आणि तिथंच पुढचं मोजमाप सुरू करा. असं केल्यानं अर्धी डोकेदुखी संपते, आणि नवख्यांनी हाच रस्ता धरावा असं माझं मत आहे. उलट, वडगाव-शहापूरकडच्या मागांसाठी सूत रंगवतात तसल्या रंगाच्या पाण्यावर हवेत प्रयोग करायचा असेल, तर धातुरूप तांबं टिकणारच नाही. तिथं तुमच्या पुडीवर तांब्याचं ऑक्साइड आहे असं धरूनच बोला, त्याचाही उपयोग होतो.

कोरडी पुडी हवी असेल तर निर्वात डेसिकेटरमध्ये, खोलीच्या तापमानाला. शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये हवेत वाळवली तर कागदावर लिहायला तांबं आणि हातात ऑक्साइड, अशी गत होते.

तपासणीला पाठवताना

आपल्याकडून नमुने बहुधा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात जातात. प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून बसनं नेलेला नमुना तिथं पोचेपर्यंत बदललेला असतो, वर तो दोन-चार दिवस रांगेत पडून राहतो. काचेची छोटी कुपी घ्या, आर्गॉननं भरा, बूच लावून वरून पॅराफिल्म गुंडाळा, आणि ती आर्गॉन भरलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. कुपीवर नमुना बनवल्याची तारीख लिहा आणि तपासणी झाली ती तारीख नंतर वहीत नोंदवा. तिथल्या ऑपरेटरला आधी फोन करून नमुना हवेत उघडू नका असं सांगून ठेवा. ते मदत करतात, पण सांगितलं तर.

क्ष-किरण विवर्तनात एक टक्का तांब्याची शिखरं दिसली नाहीत तर निराश होऊ नका. कण बारीक आणि प्रमाण कमी, म्हणून ती बहुतेक वेळा दिसतच नाहीत. परावर्तित प्रकाशाचा वर्णपट स्वस्त आणि जास्त बोलका: ५६०-६०० चा पट्टा धातूचा, ७०० ते ८०० चा रुंद पट्टा द्विभारित तांब्याचा. एक्सपीएस (क्ष-किरण टाकून पृष्ठभागावरचे अणू कोणत्या अवस्थेत आहेत हे पाहायची चाचणी) करायला मिळालं तर ९३२.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचं शिखर बघून लगेच ‘धातुरूप तांबं’ असं लिहू नका. एकभारित तांब्याचं शिखरही जवळजवळ तिथंच येतं. दोघांतला फरक त्याच यंत्रावर मिळणाऱ्या ऑजे वर्णपटात दिसतो: धातूचं ९१८.६ च्या जवळ, एकभारित ऑक्साइडचं ९१६.८ च्या जवळ. ९४० ते ९४५ मधली उपशिखरं दिसली तर द्विभारित तांबं आहे हे नक्की. ते मोजमाप लांबलं तर क्ष-किरणांनीच द्विभारित तांब्याचं क्षपण होऊ लागतं, म्हणून तांब्याचा भाग आधी मोजायला सांगा.

उरलेलं पाणी

हे सिंकमध्ये ओतायचं नाही. तांबं माशांना आणि शेवाळाला फार कमी प्रमाणातही मारक आहे, आणि बेळगाव शहराचं सांडपाणी घेऊन बळ्ळारी नाला ज्या शिवारांतून जातो तिथं भात पिकतो. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरला ०.०५ मिलिग्रॅम तांबं स्वीकार्य धरतात, नाल्या-नदीत सोडायच्या औद्योगिक सांडपाण्याला मर्यादा ३ मिलिग्रॅमची. तुमच्या मूळ द्रावणात लिटरला सुमारे शंभर मिलिग्रॅम असतात.

तांब्याचं सगळं पाणी एका कॅनमध्ये साठवा. चुन्याची निवळी घालून पीएच ८.५ ते ९ वर न्या आणि रात्रभर राहू द्या, तांबं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. अमोनियाच्या चाचणीचं पाणी यात मिसळू नका. अमोनियामुळं तांबं द्रावणात धरून ठेवलं जातं आणि गाळ पडत नाही, त्याची बाटली वेगळी ठेवा. मिथेनॉलमिश्रित पाणीही नाल्यात नको, त्याचा कॅन झाकण लावून कॉलेजच्या घातक कचऱ्यात द्या. गाळ गाळून, वाळवून, ‘तांब्याचं हायड्रॉक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडसह’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीत भरा आणि तोही त्याच कचऱ्यात जमा करा.